पाय धुऊन घेताना

स्पेनमधल्या सांत्यागो या तीर्थक्षेत्राकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर पहिल्या दीड आठवड्याच्या आत सांतो दोमिंगो दे ला काल्सादा हे गाव लागते. ज्या संतावरून गावाला नाव मिळाले तो दोमिंगो इ. स. १०१९ च्या सुमारास जवळच्याच एका खेड्यात जन्मला. त्याला मठवासी व्हायचे होते. पण वाल्वानेरा आणि सान मियान या दोन्ही मठांनी त्याला घेतले नाही. मग तो ओहा नदीकाठच्या रानात एकटाच राहू लागला. तिथून जाणारे यात्रेकरू वाट चुकत, नदीपाशी अडकत. हे रोज डोळ्यांदेखत घडत असताना नुसते जपध्यान करत बसणे त्याला जमले नसावे. त्याने झाडी तोडून फरसबंदी रस्ता केला, नदीवर पूल बांधला, थकल्याभागल्यांसाठी धर्मशाळा उभी केली आणि ११०९ साली, नव्वदीला पोहोचल्यावर, तो तिथेच वारला. ज्याला मठाच्या दारातून परत पाठवले त्याच्या कबरीवर आज कॅथेड्रल आहे. त्याच्या धर्मशाळेच्या जागी मात्र सरकारी मालकीचे उंची हॉटेल आहे, आणि पाठीवर पिशवी घेतलेला माणूस त्याच्या दाराकडे पाहून पुढे जातो. कॅथेड्रलमध्ये एका जुन्या चमत्कारकथेची आठवण म्हणून जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवलेली असतात. आम्ही गेलो तेव्हा झाडून सारे त्यांचेच फोटो काढत होते आणि कबरीपाशी कोणी नव्हते. रस्ते बांधणाऱ्या संताला ते खटकले नसते, असे मला वाटले.

मी वसईची. शाळेत मराठी शिकवत आयुष्य गेले. आयर्लंडमध्ये परिचारिका असलेल्या माझ्या भाचीने रजा काढली आणि आम्ही दोघींनी फ्रान्सच्या सीमेवरील सां-जां-प्ये-द-पोरपासून येशूचा शिष्य संत याकोब याच्या सांत्यागोतील कबरीपर्यंतची, सुमारे ७८० किलोमीटरची वाट धरली. २०२४ साली जवळपास पाच लाख लोकांनी सांत्यागोला पोहोचल्याचे प्रमाणपत्र घेतले. त्यातले बरेचसे शेवटचे शंभर किलोमीटरच चालतात आणि कित्येकांचा देवाधर्माशी संबंधही नसतो. मला त्यात वावगे काही दिसले नाही. पंढरीच्या वाटेवरही सगळे एकाच कारणासाठी चालत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी सासवडला होते. पालखीच्या मुक्कामात कोणी वारकऱ्यांचे पाय चेपून देई, कोणी तेल लावी, कोणी रस्त्याच्या कडेला बसून तुटलेल्या चपला फुकट शिवून देई. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मला ते पाहताना परके वाटले नव्हते. उलट, हे आपल्याकडे इतके साधेपणाने का होत नाही, असा थोडा मत्सरच वाटला होता.

स्पेनमध्ये ते साधेपणाने होताना पाहिले. या वाटेवरच्या अनेक धर्मशाळा मोबदला ठरवून घेत नाहीत. ज्याने त्याने जमेल तेवढे द्यायचे. त्या चालवणारे स्वयंसेवक बहुधा स्वतः कधी तरी ही वाट चाललेले असतात. ते साधारण पंधरा दिवसांसाठी येतात, पगार घेत नाहीत, पहाटे दिवे लावतात, संडास घासतात, घोरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकतात, फोडांवर पट्टी लावून देतात आणि आठाच्या सुमारास सगळ्यांना गोडीगुलाबीने बाहेर काढून पुन्हा फरशी पुसायला घेतात. दुपारी नवी माणसे येतात. कालच्या माणसांचे पुढे काय झाले, ते त्यांना कधीच कळत नाही. आपल्या सेवेचे फळ पाहण्याची मुभाच नसलेली ही सेवा आहे, आणि परगावच्या शाळेत मुले शिकवून त्यांना पुढच्या इयत्तेत ढकलणाऱ्या बाईला ती चटकन समजते.

ग्रान्योन गावातली धर्मशाळा चर्चलाच लागून आहे. जमिनीवर गाद्या, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून. दाराशी पैशांची एक उघडी पेटी, आणि तिच्यावर लिहिलेले की जमेल तेवढे ठेवा, लागेल तेवढे घ्या. पेटीवर कुलूप नाही आणि राखणीला माणूसही नाही. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे ठेवली तर पेटीसकट जाईल." मी म्हटले, जाईलही, पण ठेवून पाहिली कोणी? आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, गरिबांना तांदूळ वाटताना रेशनकार्ड पाहतात, नाव लिहून घेतात, सही घेतात. हिशेब हवाच, हे मला मान्य आहे. तरी घेणाऱ्याला मान खाली घालायला लावणारी वाटपाची पद्धत आणि ही उघडी पेटी यांत जे अंतर आहे, ते पैशांचे नाही.

बुर्गोस शहर सोडले की मेसेता हे पठार लागते: झाड नाही, सावली नाही, नजर पोहोचेल तिथवर गव्हाची कापलेली शेते. दुष्काळी भागातल्या माणसाला हा मुलूख परका वाटणार नाही. कास्त्रोहेरिसच्या अलीकडे सान आंतोनच्या मठाचे भग्नावशेष आहेत आणि एक उंच कमान थेट रस्त्यावरच उभी आहे. बाराव्या शतकात इथे संत अंतोनीच्या संघाचे बंधू एका भयंकर रोगाने पछाडलेल्यांची शुश्रूषा करत. त्या रोगात हातापायांची आग होई, ते काळे पडून गळून जात. राय या धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीने तो होतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. बाजरीवरचा अर्गट आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याचाच हा भाऊबंद. बंधू रोग्यांना चांगल्या गव्हाची भाकर देत, आणि पुष्कळांना नेमका त्यानेच गुण येत असावा. कमानीखालच्या भिंतीत कोनाडे आहेत. रात्री दार बंद झाल्यावर येणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांत अन्न ठेवलेले असे. मी त्या कोनाड्यात हात घालून पाहिला. कोपरापर्यंत हात आत जातो. दगड गार आणि कडेला झिजून गुळगुळीत झालेला. ठेवणारा आतून ठेवून झोपी जाई, घेणारा अंधारात घेऊन पुढे जाई. दोघांची तोंडओळखही होत नसे.

कास्त्रोहेरिसनंतर मोस्तेलारेसचा चढ येतो. फार उंच नाही, पण खडा आहे, आणि उतरताना टाचेवरचा फोड फुटला. तिथून सपाट रस्त्याने पिसुएर्गा नदीकडे जाताना, अकरा कमानींच्या जुन्या पुलाच्या अलीकडे, सान निकोलासचे लांबट दगडी देऊळ लागते. ते मोडकळीला आले होते. इटलीतील पेरुजा इथल्या संत याकोबाच्या बंधुमंडळाने ते दुरुस्त करून तिथे धर्मशाळा सुरू केली. वेदीपासून जरा अंतरावर डझनभर खाटा, मधोमध लांब मेज, आणि आत वीज नाही. संध्याकाळी जेवणाआधी तिथे यात्रेकरूंचे पाय धुतात.

मी हे वाचून गेले होते, त्यामुळे आपल्याला काही वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. वेदीसमोर अर्धवर्तुळात खुर्च्या मांडल्या होत्या. सत्तरीच्या घरातले एक इटालियन गृहस्थ पुढे आले. दुपारी त्यांनीच आमच्या यात्रेच्या वह्यांवर मुक्कामाचे शिक्के मारले होते. आता खांद्यावर शिंपले लावलेला छोटा झगा होता. त्यांच्यासोबत एक बाई घंगाळ आणि पाण्याचे भांडे घेऊन होती. प्रत्येकाचा एक पाय. ते गुडघे टेकत, पायावर पाणी ओतत, टॉवेलने टिपत, वाकून पायाचे चुंबन घेत आणि उठून पुढच्या खुर्चीकडे सरकत. उठताना दर वेळी त्यांना खुर्चीच्या कडेचा आधार घ्यावा लागत होता. माझी पाळी आली तेव्हा माझ्या पायाच्या अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले, टाचेवर सुटत आलेली पट्टी आणि दिवसभराच्या लोकरी मोज्याचा वास. मी पाय आखडून घेतला. भाची शेजारून मराठीत पुटपुटली, "मावशी, पाय पुढे कर ना, ते खोळंबलेत."

त्या क्षणी मनात आलेली गोष्ट शास्त्रातली नव्हती, आजीची होती: वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायाला हात लावला तर आपल्याला पाप लागते. आपल्याकडे पायांची दिशा ठरलेली आहे. लहानाने मोठ्याच्या पाया पडायचे, सुनेने सासूच्या, शिष्याने गुरूच्या. शेजारच्या लग्नांत मी वधूपित्याला जावयाचे पाय धुताना पाहिले आहे, पण तिथेही पाणी मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या पायांवरच घालायचे असते. उलटे कधी होत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने नेमकी ही दिशा फिरवली. पॅलेस्टाईनच्या धुळीच्या रस्त्यांवरून आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम, आणि गुरूनेच कमरेला रुमाल बांधला. त्याचा शिष्य पेत्र याला ते सोसवले नाही. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असे तो ठामपणे म्हणाला आणि त्यावर त्याला उत्तर मिळाले की मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याशी काही वाटा नाही. इतकी वर्षे ही गोष्ट मी दर पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, ऐकत आले आणि दर वर्षी येशूच्या बाजूने ऐकली: आपणही असे वाकले पाहिजे, असे सेवाभावी झाले पाहिजे. खुर्चीवर बसले तेव्हा पेत्राची बाजू कळली. देणाऱ्याचा हात वर असतो. आजाऱ्यांना भेटायला जाणारी, तांदूळ वाटणारी, मुलांच्या फिया भरणारी मी कायम वरच्या हाताची होते, आणि त्यालाच नम्रता म्हणत होते. फुटलेली टाच परक्या म्हाताऱ्या माणसाच्या ओंजळीत देणे मला तांदळाच्या शंभर पिशव्या वाटण्यापेक्षा जड गेले. पाणी कोमट होते. त्यांनी पट्टीला धक्का न लागेल अशा बेताने टॉवेल टिपला.

आणखी एक गोष्ट प्रवचनांतून सहसा येत नाही. बायबलमधल्या योहानाच्या वृत्तान्तात येशूला दगा देणारा शिष्य यहुदा पाय धुऊन झाल्यानंतर बाहेर पडतो. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते, आणि धुणाऱ्याला त्याच्या मनातले ठाऊक होते. पात्र कोण आणि अपात्र कोण, हे ठरवून झाल्यावर करायची सेवा ख्रिस्ताने शिकवलेली नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ५३ व्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून स्वीकारावे, मठाधिपतीने त्याच्या हातांवर पाणी घालावे आणि साऱ्या मठाने मिळून त्याचे पाय धुवावेत, असे सांगितले आहे. गरीब आणि यात्रेकरू यांची तर विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा मान त्यांचा दराराच राखून घेतो. हे शेवटचे निरीक्षण इतके व्यवहारी आहे की लिहिणाऱ्याने बरेच पाहुणे पाहिले असावेत, अशी खात्री पटते.

पाय धुऊन झाल्यावर मेणबत्त्यांच्या उजेडात सगळे जेवायला बसले आणि त्याच गृहस्थांनी पास्ता वाढला. सकाळी मी खाटांवरच्या चादरी गोळा करू लागले, तर त्यांनी हसून माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि दाराबाहेरच्या, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या बाणाकडे बोट दाखवले. सवयीने हात वर न्यायला निघालेल्या बाईला त्यांनी बरोबर ओळखले होते. आम्ही पूल ओलांडताना मागे वळून पाहिले तेव्हा ते न्हाणीघराच्या बाजूला बादली रिकामी करत होते.

पुढची वाट सांगण्यासारखी आहे, पण या विषयाची नाही. सांत्यागोच्या कॅथेड्रलमध्ये गर्दी होती, प्रमाणपत्राची रांग लांब होती, आणि माझे काळे पडलेले नख तिथे पोहोचण्याआधीच गळून गेले होते.

घरी परतल्यावर मी आमच्या चर्चच्या उपासना समितीपुढे एक सूचना मांडली. पवित्र गुरुवारी आमच्याकडे बारा जणांचे पाय धुतात. ती नावे महिनाभर आधी ठरतात. बहुतेक संस्थांचे पदाधिकारी असतात, आणि सगळे घरूनच पाय स्वच्छ धुऊन, नवे मोजे घालून येतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लीमही होते. २०१६ च्या जानेवारीत नियमच बदलून या विधीत स्त्रियांनाही बसवण्याची रीतसर मुभा मिळाली. त्यानंतर आमच्या बारांत बायका आल्या, पण यादी यादीच राहिली. माझे म्हणणे एवढेच होते की नावे आधी ठरवू नयेत. त्या संध्याकाळी बाकांवरून आयत्या वेळी कोणालाही बोलवावे, शक्यतो मागच्या बाकांवरून, जिथे कामावरून थेट आलेली माणसे बसतात. फादरांना कल्पना आवडली. समितीतील एका सदस्यांनी विचारले की, आयत्या वेळी बोलावलेल्या माणसाच्या पायाला जखम असली तर काय करायचे? दुसऱ्यांनी विचारले, कोणी नाहीच म्हणाले तर? हा दुसरा प्रश्न मला जास्त खरा वाटला आणि मी तसे सांगितले. पुष्कळ जण नाहीच म्हणतील, मीही म्हणाले असते. पेत्रही म्हणाला होता, तेव्हा त्यासाठी दोन मिनिटे जास्त धरावीत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.