फुप्फुसांचे आवाज, कॉम्प्युटर आणि एथिक्स कमिटीचा फॉर्म

स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या आवाजावरून कॉम्प्युटरला श्वसनाचे आजार ओळखता यावेत, असा माझा मास्टर्सचा प्रोजेक्ट होता. तो झाला, मनासारखा झाला. पण माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या परवानगीत जो वेळ गेला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तयार डेटावर भागलं असतं तर हे काही करावंच लागलं नसतं. आयसीबीएचआय २०१७ हा खुला संग्रह बहुतेक जण वापरतात: १२६ रुग्ण, ९२० रेकॉर्डिंग, साधारण साडेपाच तासांचा आवाज. मेल-स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार उंच-खालच्या स्वरांचा नकाशा, काढला की आवाजाचं चित्र होतं आणि एक्स-रेसाठी वापरतात तसलीच चित्रं ओळखायला शिकणारी न्यूरल नेटवर्क त्यावर चालतात. व्हीझ (श्वासातली शिट्टी) आडव्या पट्टीसारखी दिसते, क्रॅकल (क्षणभराची तडतड) उभ्या रेघेसारखा. इथवर काम पटापट झालं. पण त्या १२६ जणांत ६४ सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) आणि दम्याचा रुग्ण फक्त एक. एका माणसावरून दमा कसा शिकवणार? म्हणून स्वतः रेकॉर्डिंग करायचं ठरलं, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला. औषधाची मात्रा किती, ते तोंडाने की इंजेक्शनने, रक्त किती मिली घेणार, दुष्परिणाम काय. मी फक्त छातीला स्टेथोस्कोप लावणार होते! ‘लागू नाही’ लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. शेवटी प्रत्येक रकान्यात ‘औषध दिले जाणार नाही, केवळ आवाजाची नोंद’ असं पूर्ण वाक्य लिहिलं, तेव्हा तो पुढे सरकला. तुम्हीही तसंच करा. त्रुटी एका वेळी एकच कळवायचे. ती दुरुस्त करून दिली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं, आणि त्या बैठकीत नवीन त्रुटी. सगळ्या त्रुटी एकदम सांगायला कुणाचं काय जात होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

एक प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला: रेकॉर्डिंगवरून रुग्ण ओळखता येईल का? आम्ही चाचणीसाठी गाईड मॅडमच्या छातीचा आवाज घेतला होता, तो हेडफोन लावून पुन्हा ऐकला. श्वास, मागे हृदयाचे ठोके, आणि मधेच दाराबाहेरून कुणीतरी मारलेली हाक, नावासकट. स्टेथोस्कोप खोलीतलं बोलणंही टिपतो. मग अर्जात लिहून दिलं की रेकॉर्डिंगच्या वेळी कुणी बोलणार नाही, प्रत्येक फाइल आम्ही ऐकू, बोलणं असेल तो तुकडा कापू, आणि नावांची यादी फायलींपासून वेगळी, कुलपात ठेवू. रुग्णाने नंतर संमती मागे घेतली तर काय, हेही आधीच लिहा. मूळ फाइल पुसता येते, पण शिकून झालेल्या मॉडेलमधून ती बाहेर काढता येत नाही. आम्ही संमतीपत्रात तारीखच घातली: या दिवसानंतर प्रशिक्षण सुरू होईल, त्याआधी कधीही नाही म्हणा. एवढं दिल्यावर मंजुरीचं पत्र आलं, आणि मी ते टेबलासमोर चिकटवलं.

छातीवरचे केस स्टेथोस्कोपला घासले की हुबेहूब क्रॅकल ऐकू येतो. तिथली त्वचा जरा ओली करा, स्टेथोस्कोप घट्ट दाबा, कपड्यावरून कधीच घेऊ नका.

आजारी आणि निरोगी, सगळ्यांना एकच स्टेथोस्कोप वापरा. नाहीतर कॉम्प्युटर आजाराऐवजी यंत्र ओळखायला शिकतो. छातीच्या एक्स-रेंवर २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया शोधणारं मॉडेल फोटो कुठल्या हॉस्पिटलचा हेही ओळखत होतं, आणि बाहेरच्या हॉस्पिटलच्या फोटोंवर त्याची कामगिरी घसरली होती. तसाच कॉम्प्युटर आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकू नये म्हणून एका रुग्णाची सगळी रेकॉर्डिंग एकाच गटात ठेवा: प्रशिक्षणात तरी, नाहीतर चाचणीत.

कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये कुठला आवाज आहे, हे दोन डॉक्टर ऐकून ठरवतात; त्यांचं एकमत होत नाही तेव्हा निर्णय तिसऱ्याने द्यायचा. हेही अर्जातच लिहा, नाहीतर त्यावरूनही त्रुटी निघते.

आणि मंजुरीला मुदत असते. पत्रात ती तळाशी, बारीक अक्षरांत होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी द्या, कारण तो त्याच बैठकीत जातो.