पाठ थोपटायची नाही!

मी फिजिओथेरपिस्ट. आज आयसीयूत दुचाकी अपघाताचा पेशंट. ओळीने बरगड्या मोडलेल्या, त्याही दोन-दोन ठिकाणी. व्हेंटिलेटर लावण्याआधी श्वास घेताना छातीचा तेवढा भाग फुगण्याऐवजी आत जायचा. भाऊ विचारत होता, “मॅडम, पाठ थोपटून कफ नाही का निघणार?” मोडक्या बरगड्यांवर थोपटलं तर टोक फुप्फुसात घुसायचं, दादा! आधी दुखणं कमी करायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, सलाइनची वाफ, मग १०० टक्के ऑक्सिजन देऊन सक्शन (बारीक नळीने कफ ओढून काढणं), एका वेळी १५ सेकंदांच्या आत. घशात नळी असताना जोर लावून खोकता येत नाही, त्याच्या वाटचा खोकला आम्हीच काढायचा. (फिजिओ म्हणजे फक्त गुडघेदुखी, असं अजूनही लोकांना वाटतं.) दाट, रक्ताळलेला कफ निघाला, रक्तातला ऑक्सिजन ९० वरून ९६ टक्के! सिस्टर आणि मी दोघीही खूश. उद्या कूस बदलून पुन्हा.