हॉथॉर्नमधली एक रात्र

लास व्हेगासहून रीनोकडे ट्रेलर ओढत निघालो, तेव्हा नेवाडातल्या हॉथॉर्नला आम्ही केवळ डिझेल भरण्यासाठी आणि रात्र काढण्यासाठी थांबणार होतो. टोनोपाह सोडल्यापासून शंभरेक मैल झाड म्हणावे असे काही दिसले नव्हते. नकाशावर मात्र गावाच्या डोक्याशी वॉकर सरोवर निळेशार दिसत होते.

गावाभोवती मातीच्या उंचवट्यांच्या शिस्तीत आखलेल्या रांगा दिसल्या. मला ती धान्याची पेवे वाटली. नवऱ्याने सांगितले की तो दारूगोळा आहे. 1926 मध्ये न्यू जर्सीत वीज पडून नौदलाच्या कोठाराचा मोठा स्फोट झाला, त्यानंतर वस्तीपासून दूर जागा शोधली गेली आणि 1930 मध्ये हे कोठार येथे सुरू झाले. आता ते लष्कराकडे आहे.

संध्याकाळी सरोवरावर गेलो. होड्या पाण्यात सोडण्यासाठी बांधलेला काँक्रीटचा उतार दगडगोट्यांत संपत होता आणि पाणी त्याच्या बरेच पुढे होते. समोरच्या डोंगरावर, बादलीतले पाणी उतरताना कडेला पांढरे वळ राहावेत तशा, जुन्या काठांच्या आडव्या रेषा एकाखाली एक उमटलेल्या होत्या. या सरोवरातून पाणी बाहेर जात नाही, त्याची केवळ वाफ होते. आणि वॉकर नदीचे पाणी वरच्या खोऱ्यांतील शेतीकडे वळवले गेल्याने 1882 पासून पातळी दीडशे फुटांहून अधिक खाली आली आहे. खारटपणा वाढत गेला आणि येथला लाहोंटन कटथ्रोट ट्राउट हा मासा संपला. काठावरच्या मूळनिवासी पायूट लोकांचे स्वतःचे नाव अगाय डिकुट्टा, म्हणजे ट्राउट खाणारे, असे आहे. मासे खायला उतरणाऱ्या लून पक्ष्यांसाठी गावात महोत्सव भरत असे, तोही बंद पडला.

वरच्या शेतांत काय पिकते, तर लसूणघास आणि कांदा. कांद्यावर मी, एक मराठी बाई, कोणत्या तोंडाने रागावणार? तरीही पूर्वीच ठरलेले पाणीहक्क सरोवरासाठी बदलता येणार नाहीत, हा नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल मला पटलेला नाही. सध्या एक संस्था शेतकऱ्यांकडून ते हक्क विकत घेऊन पाणी खाली सोडते आहे, हे मात्र चांगले आहे.

ट्रेलरच्या टाकीत पाव भागच पाणी उरले होते, म्हणून त्या रात्री पोह्यांची कढई पुसूनच ठेवली. सकाळी नळाला पाइप लावून टाकी भरली आणि सरोवराच्या कडेकडेने उत्तरेला निघालो. शर्झजवळ वॉकर नदीवरचा पूल लागला. मी खाली वाकून पाहीपर्यंत तो संपलाही होता.