माश्यांची पंगत

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी जाऊ नये, हे मला दर जुलैत नव्याने कळतं. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, पण माणसं सगळी कान्हेरीच्या त्या एका डांबरी रस्त्यावर. एकाच्या खांद्यावर तर स्पीकर होता.

मी गेलो होतो अळंब्यांचे फोटो काढायला, सोबत ताई. बांबूच्या बेटापाशी तिने ओढणी नाकाला लावली. "शी! काहीतरी मेलंय इथे."

मेलं नव्हतं, उगवलं होतं. कुजक्या पाल्यातून वर आलेला वीतभर पांढरा दांडा, डोक्यावर शेवाळी, चिकट टोपी आणि टोपीखालून पार जमिनीपर्यंत सोडलेली पांढरी जाळी. आजी टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालायची ना, अगदी तशी. इंग्रजीत याला स्टिंकहॉर्न म्हणतात. वास मात्र पिशवीत राहून गेलेल्या बोंबलांचा.

चिखलात पालथा पडलो. आधी आजूबाजूची काटकी-पानं हळूच बाजूला केली (करू नये, पण केली). लेन्सवर वाफ, मानेवर डास. मागून एक काका, "खातात का हो हे?" मी न वळता "नाही" म्हटलं. आणि माश्या! फ्रेम जमली की टोपीवर येऊन बसायच्याच. डाव्या हाताने हाकलायचं, उजव्याने क्लिक. वीसेक मिनिटं हेच चाललं होतं.

शेवटी ताई वैतागली. "अरे, पंगत त्यांची आहे. तू कोण उठवणारा?"

खरं तर मला हे पाठ आहे. बाकीच्या अळंब्यांचे बीजाणू बहुतेक वाऱ्यावर जातात, याचे त्या चिकट लगद्यात असतात. माश्यांनी तो खायचा आणि बीजाणू दूर नेऊन टाकायचे, म्हणून तर एवढी दुर्गंधी. दर पावसाळ्यात फोटोखाली मीच हे लिहितो.

हात आवरला. बघता बघता सात-आठ जणी जमल्या.

मग लेणी, पाऊस, बसची रांग, नेहमीचंच. दुपारी उतरताना पुन्हा डोकावलो. टोपी चाटूनपुसून पांढरीफटक, तिच्यावरचे खळगेसुद्धा दिसत होते. जाळी ओल्या फडक्यासारखी दांड्याला चिकटलेली.

घरी येऊन मोजले, त्रेसष्ट फोटो. बासष्टांत माशी नाही. एकात आहे, आणि नेमकी तीच हललेली.