नऊवर अडणारा काटा

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपत आला की सेकंदकाटा बहुतेक वेळा नऊच्या आकड्याजवळच जागच्या जागी थरथरतो. सेल बदलला की काम भागतं आणि कुतूहलही मिटतं. पण तो नऊवरच का अडतो? डिझाइन थिंकिंग, म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून घेऊन, करून पाहत उपाय शोधण्याची रीत, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून शिकवतात. खरं तर हा एवढा प्रश्नही पुरतो. सहापासून बारापर्यंत काट्याला चढण असते. नऊवर तो आडवा होतो, म्हणजे तिथे त्याचं वजन सर्वाधिक जाणवतं आणि थकलेल्या सेलचा जोर कमी पडतो. काट्याची मागची आखूड शेपटी याच वजनाला तोलायला दिलेली असते, शोभेची नव्हे.

घड्याळ उघडायचं तर आधी सेल काढावा. मग सेकंद, मिनिट, तास या क्रमाने काटे सरळ वर ओढावेत. तिरके ओढले की आस वाकतो. मागचं झाकण खाचांमध्ये अडकलेलं असतं. ते निघाल्यावर आधी फोटो काढावा, कारण आतली प्लास्टिकची दातेरी चाकं क्षणात सांडतात. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की १ उरतो, म्हणजे सेकंदाला नेमका एक ठोका. दर सेकंदाला तारेच्या गुंडाळीत उलटसुलट दिशेने वीज जाते आणि इवलं चुंबक अर्धा फेरा घेतं. त्याच्या भोवतीची फट मुद्दाम असमान ठेवलेली असते. ती सारखी असती तर कुठल्या बाजूला फिरायचं हे चुंबकाला कळलंच नसतं!

मागची चकती फिरवून वेळ लावताना मोटार, म्हणजे ती गुंडाळी नि चुंबकाची जोडी, का फिरत नाही, हेही पाहण्यासारखं. मधल्या चाकाचे दोन भाग केवळ घर्षणाने जोडलेले असतात. जोर लावला की ते एकमेकांवर घसरतात. म्हणून तेल सोडणं हा सर्वांचा आवडता आणि बहुधा सर्वांत वाईट उपाय. तेल या जोडावर गेलं की सेकंदकाटा बिनचूक धावतो आणि मिनिटकाटा मागे पडत राहतो.

आता थोडी खोडी. पुठ्ठ्याचा लांब सेकंदकाटा कापून बसवावा. तो अडला तर शेपटीला चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहावं, पुरलं नाही तर लांबी कमी करावी. दोन्ही एकदम नको, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. चाचणी १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलवर घ्यावी. दीड व्होल्टच्या कोऱ्या सेलवर चुकलेला काटाही ऐटीत फिरतो.

परत जोडताना तिन्ही काटे बारावर बसवावेत आणि मागच्या चकतीने बारा तासांचा पूर्ण फेरा हाताने फिरवून घ्यावा. काटे एकमेकांवरून जाताना कुठे घासत असतील, तर ते तिथेच दिसतं.