तुम्ही विचारलंत म्हणून: मणी नंतर का शिवत नाही

"ताई, एवढं कशाला करायलात? आधी विणून घ्या अन् मग मणी शिवून टाका ना. स्वस्तात पडंल."

परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर. मी सुयांवर स्टोल विणते आणि मणी विणतानाच त्यात घालते. स्टोल जिथे जातो तिथून हा सल्ला माघारी येतो. किंमत तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. 'आपल्याकडं थंडी असते कुठं' हेही या वेळी सोडते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा ५ अंशांच्या खाली गेलेला ज्यांनी अनुभवला, ते हे विचारत नाहीत. आपल्या उस्मानाबादी शेळीची लोकर का वापरत नाही, हे मात्र एकदाच सांगून टाकते. ती मटणाची आणि दुधाची शेळी, तिच्या अंगावर विणण्याजोगं काही नसतं. मोहेर अंगोरा शेळीचं असतं आणि पश्मिना लडाखकडच्या चांगथांगी शेळीचा.

आता मण्यांकडे येते. या प्रश्नाच्या जोडीला तांड्यावरच्या बंजारा कामाचा दाखला ठरलेला असतो. तिथे आरसे, कवड्या, मणी, नाणी सगळं शिवूनच तर लावतात आणि वर्षानुवर्षं टिकतं. टिकतंच. पण ते काम जाड सुती कापडावर असतं. त्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ते फारसं ताणत नाही. सुयांवरचं विणकाम म्हणजे नुसते एकमेकांत अडकवलेले फास. खांद्यावर घेतलं की ते रुंदीत पसरतं, ओढलं की लांबीत वाढतं. शिवणाचा दोरा मात्र जागचा हलत नाही. मग सगळा ताण मणी शिवलेल्या त्या एका फासावर येतो. पॉलिएस्टरचा दोरा रेशीम-मोहेरच्या बारीक धाग्यापेक्षा कितीतरी मजबूत, आणि दोघांच्या ओढाताणीत तुटतो तो कमजोर. म्हणजे मणी शाबूत राहतो आणि स्टोल फाटतो.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एका लग्नासाठी विणलेला स्टोल परत आला होता, तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही.

अंगाला रेशीम-मोहेर होतं, ७० टक्के किड मोहेर (म्हणजे करडांचं) आणि ३० टक्के रेशीम, २५ ग्रॅमच्या गुंडीत २१० मीटर. गुंड्या दोन. दोन्ही टोकांना रेशीम-पश्मिन्याच्या दोन पदरी धाग्याची एकेक वीत किनार. सुई ४ मिलिमीटरची, रुंदी ४५ सेंटिमीटर, लांबी १८०. मणी ८ नंबरचे, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरचे जपानी काचमणी, सगळे विणतानाच घातलेले. एका ग्रॅममध्ये असे ३८ ते ४० मणी बसतात. ८०० मण्यांचं वजन २० ग्रॅमच्या आसपास, ते हे विणकाम झेलतं. तेवढेच मणी ६ नंबरचे, म्हणजे याहून मोठे, घेतले असते, तर ग्रॅमला ११च्या हिशेबाने ७० ग्रॅमच्या वर गेले असते. दोन्ही गुंड्यांपेक्षा मणी जड! नमुना चिमट्यांनी टांगून, त्या प्रमाणात वजन लावून, दुसऱ्या दिवशी मोजला की हे आधीच कळतं. म्हणून ८ नंबर.

लग्न झालं. स्वागत समारंभाच्या आधी घरच्यांनी तो एका आरीकामवाल्याकडे, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम करणाऱ्याकडे, दिला. एका किनारीला कटदाण्याची तीन बोटं रुंद पट्टी, मध्ये मोती, सगळं तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर. चार महिन्यांनी स्टोल माझ्याकडे आला, 'जरा नीट करून द्या' म्हणून.

कटदाणा म्हणजे काचेच्या बारीक नळीचे कापलेले तुकडे. त्यांची कड घासलेली नसते. जॉर्जेटवर, मखमलीवर ते शोभतात, कारण तिथे ते कापडावर पडून असतात. विणकामात मात्र प्रत्येक हालचालीला ती कड धाग्यावरून पुढे-मागे फिरते. रेशीम-पश्मिना दोन पदरी. त्यातल्या पश्मिन्याचे तंतू आखूड, घासले की आधी गोळे धरतात, मग झडतात, आणि धागा निम्म्याने बारीक होतो. पाच ठिकाणी तो तुटला होता. मोहेरमध्ये तुटलं असतं तर लव एकमेकींत गुंतलेली असते, भोक तिथेच थांबलं असतं. या किनारीला लव नव्हती. पाचही ठिकाणांहून टाके शिडीसारखे निसटत थेट मोहेरच्या पहिल्या ओळीपर्यंत गेले होते.

तंगूस उसवत नाही, कापावा लागतो, आणि तो टाक्याच्या मधून गेलेला असतो, टाक्याच्या बाजूने नाही. प्रत्येक कटदाणा वेगळा कापून काढला. काढलेला ढीग काट्यावर ठेवला तर ११० ग्रॅम. एका टोकाला ११० ग्रॅम, आणि अख्खा स्टोल माझ्या मण्यांसकट त्याच्याहून हलका. ते टोक ओघळून लांबलं होतं आणि रुंदीला आवळलं होतं. मेंढीची लोकर असती तर भिजवल्यावर बरीचशी मूळ मापावर आली असती. रेशमाला ती उडी नसते, ताणलं की तसंच राहतं.

मग मोहेरच्या शेवटच्या धड ओळीत २ मिलिमीटरच्या सुईने एकेक टाका उचलून घेतला आणि खालची किनार उसवली. नशीब, ते शेवटचं टोक होतं. सुरुवातीचं असतं तर त्या बाजूने विणकाम सरळ उसवत नाही, कापून टाकावं लागलं असतं. जोडावर मोहेर गुंतलं होतं. स्टोल पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला की लव थोडी ताठरते आणि सुटते, ते केलं. उसवलेला धागा लडी करून धुतला, खाली वजन टांगून सरळ केला. निम्मा कामाचा निघाला. त्याच डाय लॉटची, म्हणजे त्याच वेळी रंगवलेली, गुंडी शिल्लक नव्हती, म्हणून ती किनार आज दुसरीपेक्षा चार बोटं आखूड आहे.

हे सगळं मी त्या घरच्या काकूंना समजावून सांगितलं. काटा दाखवला, तुटलेले धागे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खरंच हो. पण दिसत किती होतं! तुमचे मणी फोटोत आलेच न्हाईत."

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ८ नंबरचा मणी एक टाका झाकतो. हातात घेतला तर चमकतो, चालताना चमकतो, पण स्टेजवरच्या दिव्यांत, शालूच्या जरीशेजारी, मोहेरच्या लवेत तो बुडतो. मी टिकण्याचं बोलत होते आणि त्या दिसण्याचं. लग्नात दिसणं हे फालतू कारण आहे, असं मला म्हणता येत नाही. कपडा त्यासाठीच मागवला होता.

आता विणताना मणी घालायचे कसे. इथे माझं माझ्याशीच जुनं भांडण आहे. पूर्वी मी ठामपणे सांगायची, सगळे मणी धाग्यात आधी ओवायचे, तेच खरं काम. ओळीत हवं तिथे धागा पुढे घ्यायचा, मणी वर सरकवायचा, टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, धागा मागे. मणी टाक्यासमोर आडवा बसतो. उलट्या बाजूला काही दिसत नाही, हात थांबत नाही, वेग राहतो. यातलं काहीच खोटं नाही. पण ८०० मणी म्हणजे धाग्याच्या पहिल्या मीटरवरून जवळजवळ सगळेच्या सगळे घासत पुढे जाणार. मोहेर तर यात सोलूनच निघतं. त्यावर तेव्हाची मी म्हणायची, मोहेरसोबत रेशमाचा बारीक धागा जोडीला घ्या आणि मणी त्या रेशमात ओवा. बरोबर आहे, अजूनही तसं करते. फक्त रंगाचा क्रम चुकला तर धागा तोडावा लागतो, हे तेव्हाची मी कुणाला सांगत नसे.

हल्ली बहुतेक मणी क्रोशाने घालते. ०.६ किंवा ०.७५ मिलिमीटरची आकड्याची सुई, मणी तिच्या दांड्यावर, आकड्यात डाव्या सुईवरचा टाका धरायचा, मणी त्यावर उतरवायचा, टाका परत डाव्या सुईवर आणि मग सुलट विणायचा. मणी टाक्याच्या मानेशी उभा बसतो, हलत नाही. धाग्याला घासणं एकदाच. मात्र भोकातून टाक्याचे दोन पदर जातात, आणि धागा दुहेरी असेल तर चार. ८ नंबरचं भोक साधारण १ मिलिमीटर. दुहेरी धाग्याला ते पुरत नाही, ओढलात तर लव भोकाशीच राहते. तिथे ६ नंबर घ्यायचा आणि संख्या निम्म्याहून कमी करायची. जाळीसाठी सुईवर धागा घेऊन केलेल्या टाक्यावर मणी ठेवायचा नाही, सैल पडून छिद्रात लोंबतो. एका मण्याला साध्या टाक्याच्या कितीतरी पट वेळ जातो. तुम्ही विचारता तो पैसा इथे जातो.

मणी निवडण्यातही जातो. आतून चांदी भरलेल्या काही मण्यांचं भोक चौकोनी असतं, त्याचे कोपरे धागा कापतात. स्वस्त रंगवलेले मणी ओल्या पांढऱ्या सुती कापडात रात्रभर गुंडाळून ठेवले की सकाळी खरे रंग कळतात. धातूचा मुलामा घामाने उतरतो, आणि आपल्याकडे लग्नं मे महिन्यात!

धुण्याबद्दल दोन वाक्यं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो आणि रेशमाची चमक मारतो. रिठ्याचा तसा साका होत नाही, फक्त फिक्या रंगावर पिवळट झाक येऊ शकते, तेव्हा आधी कोपरा भिजवून बघा. आणि पिळू नका, वाळत टांगू नका, आडवा पसरा.

तर शिवत का नाही? आता अगदीच शिवत नाही असंही म्हणता येणार नाही. किनारीच्या खाली रेशमी दोरीची वेगळी पट्टी लावून, मणी फक्त त्या दोरीवर शिवायचे, विणकामाला सुई लावायचीच नाही, असा एक नमुना केला आहे. मणी ६ नंबरचे, गोल कडेचे, वजन धाग्याच्या निम्म्याच्या आत. दोरी ताणत नाही आणि वरचं विणकाम ताणतं, म्हणून जोडावर थोडी चुणी पडते. वरचे टाके दहात एक कमी केले की चुणी जाते, पण मग काठ आवळलेला दिसतो. त्याहून थोडे कमी टाके घटवून बघायचं आहे. फोटोत मात्र मणी येतात, तेवढं तपासलं. त्याचा दर अजून ठरवलेला नाही, तो तूर्त विचारू नका.