माटोळीचा बाजार आणि चुकीची रिंग

आज शेवटी नव्वदची लेन्स सरांना परत देऊन आलो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीपासून दोन लेन्स माझ्याकडे होत्या, लायकाची 90 मिलिमीटरची एल्मारिट, एफ 2.8, आणि फोक्टलेंडरची 75 मिलिमीटरची कलर-हेलियार, एफ 2.5. सरांनी आपला फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हापासून ते एकेक सामान ओळखीच्या माणसांना देतायत, मला म्हणाले, "घाई कित्याक? दोनय वापर, एक घे, एक परत हाड." म्हणजे घाई कशाला, एक ठेव आणि एक परत आण. महिनाभर माझं काही ठरेना. ऑफिसात जेवताना, पावसात बस थांबली तरी, डोक्यात तेच, पंच्याहत्तर का नव्वद.

दोन्ही घरी आणल्यावर आधी टॉर्च मारून काच बघितली. ते माझं नेहमीचंच झालंय आता. याआधी माझ्याकडे पातळ टेली-एल्मारिट होती, जेमतेम सव्वादोनशे ग्रॅमची, खिशात मावायची, आणि मी ती दोन पावसाळे कपड्यांच्या कपाटात ठेवली. आमच्या गोव्यातल्या डिचोलीतला पाऊस म्हणजे चामड्याच्या चपलेवरसुद्धा बुरशी. तिसऱ्या वर्षी मागच्या काचेवर पांढरट जाळं दिसलं, साफ करून घेतली तरी काचेवरचा डाग गेला नाही, उन्हाकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा. फार वाईट वाटलं होतं. आता हवा कोरडी ठेवणारं ड्राय कॅबिनेट आहे, 45 टक्के दमटपणावर ठेवतो, आणि सरांच्या दोन्ही लेन्स अगदी स्वच्छ निघाल्या.

मग मी वहीत आकडे मांडत बसलो. नव्वद पूर्ण उघडी ठेवून दीड मीटरवर फोकस केलं तर जेमतेम साडेचार सेंटीमीटर शार्प, म्हणजे डोळा मिळाला तर कान गेला. पंच्याहत्तरला त्याच अंतरावर सहा मिळतात, पण चेहरा तेवढाच मोठा हवा तर पुढे सरकावं लागतं आणि परत चारच्या आसपास येतो. दोन्ही एक मीटरच्या आत फोकस होत नाहीत. एक मीटरवर नव्वदमध्ये साधारण 22 बाय 33 सेंटीमीटरचा तुकडा येतो, पंच्याहत्तरमध्ये 27 बाय 40. वजनात हेलियार हलकी, 230 ग्रॅम, एल्मारिट चारशेच्या आसपास. शार्पनेसमध्ये माझ्या प्रिंटवर मला फरक दिसला नाही, खरंच सांगतो.

मला जास्त त्रास व्ह्यूफाइंडरचा होता. माझा कॅमेरा लायकाचा एम 6 आहे, 0.72 चा, म्हणजे खिडकीतून सगळं 0.72 पट दिसतं, आणि लेन्स लावली की फोटोत किती येणार ते दाखवणारी चौकट त्या खिडकीत उठते. त्यात नव्वदची चौकट लहान असते पण कळते, आणि पंच्याहत्तरची चौकट पन्नासच्या आत नुसते तुटक तुकडे, घाईत डोळा सरळ पन्नासलाच चिकटतो आणि फोटोत डोकी कापली जातात. 1954 च्या एम 3 मध्ये तर 50, 90 आणि 135 एवढ्याच चौकटी होत्या, पंच्याहत्तरची नव्हतीच, आणि मोठ्या 0.91 च्या खिडकीत ती नव्वद किती छान दिसत असेल. म्हणून मनातून मी नव्वदकडे झुकलो होतो.

तेवढ्यात माटोळीचा बाजार आला, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत आमच्याकडे रस्त्याच्या कडेने रानातली फळं घेऊन सत्तरी तालुक्यातल्या बायका बसतात, कांगलां, तोरिंगणं, सुपारीचे घोस, सगळं दोरीला बांधलेलं आणि पावसाने भिजलेलं. मला तो बाजार लहानपणापासून आवडतो, आई बोटाला धरून न्यायची आणि भाव करत तासभर उभी राहायची. पहिला रोल नव्वदने काढला, मग एका दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून लेन्स बदलून पंच्याहत्तर लावली आणि दुसरा रोल संपवला.

घरी येऊन डेव्हलप केले. आमच्या नळाचं पाणी 28 डिग्री, ते 20 वर आणायला बर्फाचे दोन ट्रे लागतात, आईला फ्रिजमधली जागा सोडावी लागते, ती काही बोलत नाही. बाथरूममध्ये दोन्ही रोल वाळत लावले आणि दुसरा बघून मी गोंधळलो. मी घट्ट धरलेली फ्रेम एकही घट्ट नव्हती, सगळ्यात कडेला जादा काहीतरी. मग लेन्स उतरवून बघितली. हेलियार स्क्रूने बसणारी आहे, माझ्या कॅमेऱ्यावर लावायला तिला एम माउंटची रिंग लावावी लागते, आणि रिंग जी असेल ती चौकट कॅमेऱ्यात उठते. सरांच्या डब्यात दोन रिंगा होत्या, आदल्या रात्री पुसताना मी 50-75 ची सोडून 28-90 ची बसवली होती. आधी नव्वदच लावलेली असल्यामुळे चौकट तशीच राहिली आणि मला बाजारात कळलंच नाही, सगळा रोल नव्वदच्या चौकटीतून बघून पंच्याहत्तरने काढला होता. फोकसला त्याने काही होत नाही, फक्त चौकटीच्या प्रत्येक बाजूला साधारण एक दशांश जास्त येतं.

एक म्हातारी होती, ओल्या पोत्यावर बसलेली. पहिल्या रोलवर तिचा फक्त चेहरा आहे, सुरकुत्या, कपाळावरचा पाण्याचा थेंब, चांगला फोटो आहे. दुसऱ्या रोलवर तीच म्हातारी, मी चेहराच धरला होता, पण खाली तिची मूठ आलीय, कांगलांची दोरी तिने करंगळीला दोनदा गुंडाळून घट्ट धरलीय आणि नखात माती आहे, आणि उजव्या कडेला एका लहान मुलीचा अर्धा हात, तिच्या लुगड्याचा पदर पकडलेला. ती मुलगी मी बाजारात बघितलीच नव्हती. तो फोटो मी रात्री लूपने, म्हणजे भिंगाने, कितीतरी वेळ बघत बसलो. आईला दाखवला तर ती म्हणाली, "हिच्याकडूनच आपण घेतली ना कांगलां?" पहिला फोटो बघून तिला ओळख पटली नव्हती.

पुढचे तीन रोल मी मुद्दाम तीच रिंग ठेवून काढले. आई आदोळीवर बसून नारळ खोवताना, आरतीला शेजारचे काका टाळ घेऊन उभे असताना. नव्वदची चौकट नीट दिसते म्हणून डोळ्याला ताण नाही, आणि मी नेहमी सवयीने जे कापून टाकतो, हात, पदर, टाळाची दोरी, ते फिल्मवर येऊन राहतं. कधीकधी जादा कचरापण येतो, मागच्या भिंतीवरचा मीटरबॉक्स, ते प्रिंट करताना कापता येतं.

तर आज मये, चोडण करून फेरीबोटीने रायबंदरला गेलो, पावसाची सर येऊन गेली होती आणि मांडवी लाल. एल्मारिट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात नेली होती. सरांना म्हातारीचे दोन्ही प्रिंट दाखवले आणि रिंगेचं सांगितलं. ते बराच वेळ दुसराच धरून बसले, मुलीच्या हातावर बोट ठेवून. मग म्हणाले, "ती दुसरी रिंगय तुकाच जाय, म्हाका कित्याक?" म्हणजे तीही तुलाच हवी, मला कशाला. मी म्हटलं नको सर, 28-90 चीच पुरे. तरी त्यांनी ती कागदात बांधून माझ्या शर्टाच्या खिशात घातली.